संगणकाच्या बहीतही दयानत हवी

२२ सप्टेंबर २०२५ ही तारीख कापडवाले सहसा विसरणार नाहीत. त्या दिवसापासून तयार कपड्यांवरील जीएसटी बदलला. त्याआधी एक हजार रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्यावरच्या नगाला १२ टक्के लागत असे. त्या दिवसापासून अडीच हजारांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाले. घटस्थापनेचा सोमवार होता, अमरावतीच्या आमच्या दुकानात गर्दी होती आणि बिल करणाऱ्या सॉफ्टवेअरने नवा दर बरोबर लावला. आम्ही अल्लाहचे आभार मानले.

त्याच आठवड्यात एक बाई नवा घेतलेला ड्रेस परत करण्यास आल्या. अठराशेचा नग, त्यावर ५ टक्के, म्हणजे १,८९० रुपये त्यांनी दिलेले. आमच्या मुलाने वापसीची पावती काढली तर ती २,०१६ रुपयांची निघाली. त्याने न पाहता तेवढे पैसे मोजून दिले. बाईंनी ते पुन्हा मोजले आणि म्हणाल्या, "चाचा, हे तर जास्त झाले." १२६ रुपये त्यांनी गल्ल्यावर ठेवले आणि त्या निघून गेल्या. त्या बाईंची दयानत शाबूत होती, म्हणून आमची चूक उघडी पडली.

हे सॉफ्टवेअर अकोल्यातील पाच तरुणांनी मिळून करून दिलेले आहे. त्यांतील एक जण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून दुकानी आला. मुलगा प्रामाणिक, त्याने काही लपविले नाही. लॅपटॉप आमच्यासमोर ठेवून त्याने दाखविले की, एक हजार रुपयांची ती मर्यादा आत अकरा ठिकाणी लिहिलेली होती. तिघांनी ती आपापल्या पद्धतीने लिहिली होती. एकाने १००० लिहिले, दुसऱ्याने ९९९.९९ लिहिले, तिसऱ्याने त्या आकड्याला स्वतःच्या मनाचे एक नाव दिले, जे इतरांना ठाऊक नव्हते. दर बदलला तेव्हा त्यांनी नऊ जागा शोधून दुरुस्त केल्या, दोन राहिल्या. एक वापसीची आणि दुसरी महिनाअखेरच्या हिशेबाची. म्हणजे त्या बाई आल्या नसत्या तर आमचे विवरणपत्रही चुकीचे गेले असते.

आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. संगणकाची भाषा आम्हाला येत नाही. पण बहीखाते आम्ही लहानपणापासून पाहिले आहे आणि तो मुलगा जे सांगत होता ते बहीच्या हिशेबाने आम्हाला लगेच समजले. वऱ्हाडातील आपल्या अनेक घरांतील मुले आज याच धंद्यात जात आहेत. कोणी पुण्याला नोकरी करतो, कोणी इथेच दोन-चार मित्र जमवून दुकानदारांना सॉफ्टवेअर करून देतो. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर मांडणे आम्हाला जरुरीचे वाटले.

मुनीम बदलतो, बही बदलत नाही

जुन्या पेढीवर रोजमेळ, खतावणी, नक्कल अशा बह्या असत. जमा कोणत्या बाजूला आणि नावे कोणत्या बाजूला, हे कोणी मुनीम आपल्या मर्जीने ठरवीत नसे. एक मुनीम गेला आणि दुसरा आला तरी त्याला पहिल्या दिवसापासून बही वाचता येई. रक्कम चुकली तर खाडाखोड करीत नसत, उलट नोंद घालीत. त्यामुळे काय चुकले होते आणि केव्हा दुरुस्त झाले, हे पुढेही दिसत राही. हा दस्तूर साऱ्या बाजाराचा होता, म्हणूनच त्याला किंमत होती.

शिलाईच्या कारखान्यातही तेच. कटिंग मास्तर कापडावर खडूने खुणा करतो. कापायची रेघ कोणती आणि शिवायची रेघ कोणती, हे त्याला आणि मशीनवर बसलेल्या प्रत्येक कारागिराला सारखेच कळले पाहिजे. मास्तर कितीही हुनरमंद असला आणि त्याची खूण कारागिरांना कळत नसली, तर थान वाया जाणारच.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला 'क्लीन कोड' म्हणतात. कोड म्हणजे संगणकाला लिहून दिलेले हुकूम. ते हुकूम यंत्र वाचते, पण उद्या दुरुस्तीची वेळ आली की दुसऱ्या माणसालाही वाचावे लागतात. यंत्राला वाकडेतिकडे लिहिलेलेही चालते, माणसाला चालत नाही. रॉबर्ट मार्टिन या अमेरिकी जाणकाराचे 'क्लीन कोड' याच नावाचे पुस्तक २००८ मध्ये निघाले आणि या धंद्यात ते फार वाचले गेले. पण एक गोष्ट त्या अकोल्याच्या मुलांकडे पाहून आमच्या ध्यानात आली. त्या पाचांपैकी दोघांनी असली पुस्तके वाचलेली होती आणि ते स्वतः नीटनेटके लिहीतही होते. तरी अकरा जागा झाल्याच. सामायिक अंगण चौघांनी झाडले आणि पाचव्याने तेथेच कचरा टाकला, तर येणाऱ्याला कचराच दिसतो. स्वच्छ कोड ही एकट्याची आवड राहून भागत नाही. ती सर्वांनी मिळून कबूल केलेली शर्त असावी लागते.

वरून कोरडे, आतून ओले

सहीह मुस्लिममधील एक प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की माल पावसात भिजला. त्यावर त्यांनी विचारले की, मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते. आणि फसवणूक करणारा आमच्यातला नाही, असे बजावले.

या प्रसंगात पाऊस पडला हा त्या माणसाचा गुन्हा धरलेला नाही. ओल खाली दडवली हा गुन्हा धरला. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. पडद्यावर रंगीत बटणे, छान पावती, सर्व कोरडे दिसते. गिऱ्हाइकाला आत हात घालता येत नाही. आत ओल आहे की नाही, हे फक्त लिहिणाऱ्याला आणि त्याच्या साथीदारांना ठाऊक असते. म्हणूनच त्यांच्यावरची अमानत मोठी आहे.

वऱ्हाडच्या लोकांना ओल्या मालाची गोष्ट परकी नाही. कापसावर पाणी मारणे, चांगल्यात हलका मिसळणे, हे रोग आपल्या मुलखाने फार पाहिले. सचोटीचे व्यापारी तेव्हाही होते. पण शेजाऱ्याने भिजवलेला कापूस विकला की साऱ्या वऱ्हाडच्या मालाचे नाव खराब होई आणि सच्च्या माणसालाही भाव कमी मिळे. उपाय निघाला तो सर्वांना बांधणाऱ्या नियमांचा. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंजा येथे देशातील पहिली नियमबद्ध कापूस बाजारपेठ सुरू झाली. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे, पूर्वी ते अकोल्यात होते. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने रुईच्या प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक आला. गाठ हजारो मैल दूर उघडली आणि खराब निघाली तरी ती कोणत्या प्रेसमधून आली हे कळू लागले.

आजच्या मुलांकडे गाठीवरच्या नंबरासारखेच एक साधन आहे. त्याला 'गिट' म्हणतात. लिनस टॉरवॉल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केले. कोणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली, याची नोंद त्यात राहते आणि का बदलली हेही लिहिता येते. पण 'का' लिहायचे की नुसते 'बदल केला' असे लिहून मोकळे व्हायचे, हे साधन ठरवीत नाही. ते माणसांनी आपसात ठरवावे लागते.

विलायतेची हकीकत

कोणी म्हणेल, १२६ रुपयांसाठी एवढे बोलणे कशाला? त्यांच्यासाठी विलायतेची एक हकीकत सांगतो. ब्रिटनमध्ये छोटी टपाल कार्यालये अनेकदा दुकानांतून चालतात. दुकानदार करारावर ते काउंटर सांभाळतो. यांत आपल्या उपखंडातून गेलेले लोकही पुष्कळ आहेत. १९९९ पासून या सर्व काउंटरांवर 'होरायझन' नावाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर बसविण्यात आले. ते तयार करणारी कंपनी पुढे फुजित्सूच्या नावाने ओळखली गेली. थोड्याच काळात दुकानदारांच्या हिशेबात तूट दिसू लागली. माणूस रात्र रात्र नोटा मोजी, पेटीत पैसे बरोबर असत, पण पडदा तूट दाखवी. टपाल खात्याने पडद्यावर विश्वास ठेवला आणि माणसावर अविश्वास. ९०० हून अधिक लोकांना चोरी आणि खोट्या हिशेबाबद्दल दोषी ठरविण्यात आले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांची घरे-दुकाने गेली, काहींनी जीव दिला. २०१९ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने मान्य केले की सॉफ्टवेअरमध्येच दोष होते. २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून शिक्षा रद्द केल्या. तोवर वीस-पंचवीस वर्षे उलटून गेली होती.

आपल्या विषयाची गोष्ट त्या प्रकरणाच्या चौकशीत बाहेर आली. १९९८ मध्येच, म्हणजे काउंटरांवर बसविण्याआधी, कंपनीच्या आतील माणसांनी त्या कोडची तपासणी करून अहवाल लिहिला होता. त्यात नमुना म्हणून एक तुकडा दिलेला होता. रकमेचे चिन्ह उलटायचे, म्हणजे अधिकचे उणे आणि उण्याचे अधिक करायचे, एवढे साधे काम. लिहिणाऱ्याने अधिकची रक्कम आधी दुप्पट केली आणि मग ती मूळ रकमेतून वजा केली. उत्तर बरोबर येते, पण असा द्राविडी प्राणायाम करणाऱ्याच्या हाती लोकांचा हिशेब दिलेला होता आणि शेजारच्या कोणीही त्याला 'भाई, हे काय?' असे विचारले नव्हते. अहवाल लिहिणाऱ्यांपैकी एकाने २०२२ मध्ये चौकशीसमोर साक्ष दिली. त्या आठ जणांच्या टोळीत दोघे फार चांगले होते, दोघे साधारण, बाकीच्यांची ते काम करण्याची कुवत नव्हती. कोड कसा लिहावा याचे ठरलेले नियम नव्हते आणि एकाचे काम दुसऱ्याने तपासण्याची रीत नव्हती. तो भाग नव्याने लिहावा हा सल्लाही मानला गेला नाही.

दोन फार चांगले लोक तेथे होते. त्यांच्या चांगुलपणाने एकही दुकानदार वाचला नाही, कारण दस्तूर नव्हता.

दस्तूर कसा बसवावा

आमच्या दुकानातील त्या प्रकारानंतर अकोल्याची पाचही मुले एकत्र बसली. दिवाळीनंतर आम्ही कामानिमित्त अकोल्याला गेलो तेव्हा त्यांच्या खोलीच्या भिंतीवर एक कागद डकवलेला पाहिला. त्यावरील गोष्टी आमच्या शब्दांत अशा.

पहिली, एक गोष्ट एकाच जागी लिहायची. कराची मर्यादा, दुकानाचे नाव, सवलतीचा दर, जे उद्या बदलू शकते त्याची जागा एकच. या नियमाची किंमत कापडवाल्यांनी आधीही पाहिली आहे. १ जानेवारी २०२२ पासून कापडावरील कर ५ वरून १२ टक्के होणार असे जाहीर झाले होते आणि आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर २०२१ ला, जीएसटी परिषदेने तो बदल पुढे ढकलला. ज्यांच्याकडे दर एका जागी होता त्यांनी एक आकडा मागे फिरवला. इतरांना पुन्हा जागा शोधत बसावे लागले.

दुसरी, नाव खरे ठेवायचे. माल थानात मोजला की मीटरमध्ये की नगात, हे नावावरूनच कळावे. एकाने 'माप' म्हणजे मीटर समजावे आणि दुसऱ्याने गज, असे झाले की हिशेब गेला. १९९९ मध्ये अमेरिकेचे मंगळाकडे गेलेले एक यान याच कारणाने नष्ट झाले. एका तुकडीचे सॉफ्टवेअर जोर पौंडात सांगत होते आणि दुसऱ्या तुकडीचे तो आकडा न्यूटनमध्ये समजत होते.

तिसरी, एकाचे काम दुसऱ्याने पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे जाणार नाही. याला ते 'कोड रिव्ह्यू' म्हणतात, आम्ही गवाही म्हणू. गवाह हा दुश्मन नसतो. ज्या मुलांमध्ये तपासणी म्हणजे इज्जत काढणे असा समज आहे, तेथे तपासणी लवकरच बंद पडते. बोलणे ओळीबद्दल व्हावे, माणसाबद्दल नको.

चौथी, ओले धान्य वर ठेवायचे. जी चूक माहीत आहे पण आज दुरुस्त होत नाही, ती लिहून सर्वांसमोर ठेवायची आणि गिऱ्हाइकाशी संबंधित असेल तर त्यालाही सांगायची.

पाचवी, जेथे हात घातला तेथे झाडून निघायचे. सारे घर एका दिवसात साफ होत नाही. पण रोज ज्या कपाटाला हात लागला ते नीट लावून ठेवले तर वर्षात दुकान बदलते.

या पाच गोष्टींपेक्षा त्या कशा ठरल्या हे आम्हाला अधिक मोलाचे वाटले. कोणी वरून हुकूम दिला नाही. पाचही जण बसले, मशवरा झाला, जे सर्वांना पटले तेवढेच कागदावर आले. ओळीत किती जागा सोडायची, असल्या वादात एक संध्याकाळ गेली. शेवटी ते काम एका यंत्रावर सोपवून त्यांनी वाद मिटवला. त्यांतील सर्वांत मोठ्या मुलाला आधी वाईट वाटले. सर्व काम त्याच्या डोक्यात होते आणि आता सर्वांत धाकटा त्याच्या ओळी तपासणार होता. आपल्या कारागिरीत ही खोड जुनी आहे. उस्ताद हुनर डोक्यात ठेवतो, शागिर्दाला अर्धेच सांगतो आणि उस्तादानंतर कारखाना बंद पडतो. पण त्या मुलाने मोठेपणा दाखविला आणि पहिला रिव्ह्यू स्वतःच्याच कामाचा करून घेतला. नियम मोठ्यापासून सुरू झाला की धाकटा तो आपोआप पाळतो. मोठ्याने स्वतःला सूट दिली की भिंतीवरचा कागद शोभेचा होतो.

अतिरेकही नको. दिवसभर थान उलगडून पुन्हा घडी घालणारा नोकर विक्री करीत नाही. कोडला चमकवण्यातच महिने घालवणारी मुलेही असतात. सफाई माल विकण्यासाठी आहे, हे त्यांनी विसरू नये.

आता आपली चूक

इथवर मुलांना उपदेश झाला. आता आम्ही दुकानदार काय करतो ते पाहू. आम्हीच फोनवर म्हणतो, "बेटा, आज संध्याकाळपर्यंत करून दे, कसेही कर." पैसे देताना आम्ही घासाघीस करतो. दोन सॉफ्टवेअरपैकी स्वस्त कोणते एवढेच विचारतो. कर बदलला तेव्हा त्या मुलांना आम्ही दोन दिवस दिले होते आणि त्यांतही तीन नव्या मागण्या सांगितल्या होत्या. अकरा जागांपैकी दोन राहिल्या, त्यात काही वाटा आमचाही आहे.

पवित्र कुरआनची सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहिण्याबद्दल आहे. व्यवहार लहान असो की मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, हा तिचा आशय आपल्याला माहीत आहे. त्याच आयतीत हेही आले आहे की, लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास देऊ नये. हा भाग आपण व्यापारी सहसा सांगत नाही. आज आपला हिशेब लिहिणारा कातिब म्हणजे ही सॉफ्टवेअरची मुले. त्यांना इन्साफाने लिहिण्याइतका वेळ आणि रास्त मोबदला देणे हे आपल्याकडे लागते.

आम्ही त्या मुलांना जुना कोड साफ करण्यासाठी वेगळे पैसे दिले. आमच्या मुलाने विचारले, "अब्बा, नवे तर काहीच मिळाले नाही, मग पैसे कशाचे?" आम्ही म्हणालो, "दरवर्षी दुकानाला सफेदी करतो तेव्हा तरी नवे काय मिळते?" तो हसला, पण त्याला पटले.

सॉफ्टवेअर घेताना वाचकांनी चार प्रश्न जरूर विचारावेत. कराचा दर बदलला तर तुम्ही किती ठिकाणी हात घालता? हे काम लिहिणारा मुलगा उद्या सोडून गेला तर दुसरा ते वाचू शकेल काय? तुमचे काम तुमच्यापैकी दुसरे कोणी तपासते काय? आज त्यात कोणते दोष तुम्हाला माहीत आहेत? चौथ्या प्रश्नाला जो 'एकही नाही' म्हणेल त्याच्यापासून सावध राहावे. जो वही उघडून तीन दोष दाखवील त्याच्याशी व्यवहार करावा. तो ओले धान्य वर ठेवणारा आहे.

आणि ज्यांची मुले या धंद्यात आहेत त्यांनी मुलाला पगार विचारून झाल्यावर एवढेही विचारावे की, तुमच्या टोळीत कोण कोणाचे काम पाहते. माप बरोबर ठेवण्याची ताकीद फक्त तराजू धरणाऱ्याला नाही. आज माप त्या मुलांनी लिहिलेल्या ओळींतून होते आणि ते कोठे बसून लिहिले हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. आमच्या गल्ल्यावर १२६ रुपये परत ठेवणाऱ्या त्या बाईंनाही आमचा कोड दिसत नव्हता. त्यांनी फक्त आपले पैसे मोजले. अल्लाह आपल्याला आणि आपल्या मुलांना तेवढी दयानत देवो आणि आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.